सीओटू पकडला म्हणजे उत्प्रेरक झाला? धातूविरहित डिझाइनमध्ये या चुका टाळा

सीओटूपासून फॉर्मिक आम्ल बनवणारा धातूविरहित उत्प्रेरक आधी संगणकावर गणना करून तपासतात. फॉस्फिन (फॉस्फरसचं संयुग) आणि बोरेन (बोरॉनचं संयुग) यांची जोडी सीओटूला कवेत घेताना स्क्रीनवर पहिल्यांदा दिसली, तेव्हा मीही खूश झालो होतो. सरळ रेषेतला रेणू वाकलेला, बंधऊर्जा छान खाली. पण पकडलेला सीओटू सुटेचना. उत्प्रेरकाला सीओटू पकडून, बदलून, शेवटी सोडावाही लागतो, हे गणनेच्या नादात विसरलं जातं.

पहिली चूक नुसती इलेक्ट्रॉनिक ऊर्जा बघून निकाल देण्याची. फॉस्फिन, बोरेन आणि सीओटू मिळून एकच रेणू होतो, म्हणजे दोन जोडण्या. जोडले गेल्यावर रेणूंचं मोकळं फिरणं कमी होतं, म्हणजे एन्ट्रॉपी घटते; खोलीच्या तापमानाला प्रत्येक जोडणी त्यापोटी ढोबळमानाने १० किलोकॅलरी प्रति मोल वसूल करते. म्हणून एन्ट्रॉपीही धरणारी मुक्त ऊर्जाच काढा. द्रावणासाठी वायूच्या १ अ‍ॅटमॉस्फिअर दाबावरून द्रावणाच्या १ मोलर संहतीला येताना दर रेणूमागे १.८९ किलोकॅलरीची दुरुस्ती असते, तीही विसरू नका. क्षुल्लक वाटते, पण सक्रियण ऊर्जेत (अभिक्रियेला ओलांडावा लागणारा ऊर्जेचा अडथळा) १.४ किलोकॅलरीचा फरक पडला की २५ अंशांना वेग दहापट बदलतो.

रेणूच्या कमी कंपनसंख्यांचाही असाच घोळ. १०० सेमी⁻¹ च्या खालची कंपनं साध्या हार्मोनिक (आदर्श स्प्रिंगच्या) सूत्रात घातली की एन्ट्रॉपी फुगते. त्यांना १०० पर्यंत वर उचला किंवा रसायनशास्त्रज्ञ ग्रिमे यांची दुरुस्तीची पद्धत वापरा.

बी३एलवायपी ही गणनेची लोकप्रिय पद्धत नुसती वापरू नका. टर्शरी-ब्युटिलसारखे लठ्ठ गट एकमेकांना ओढतात ते डिस्पर्शनमुळे, म्हणजे रेणूंमधल्या क्षीण आकर्षणामुळे, आणि तेच त्यात नाही. डी३ ही डिस्पर्शनची दुरुस्ती जोडा.

संक्रमण अवस्थेत (अभिक्रियेच्या वाटेवरच्या ऊर्जेच्या माथ्यावर) एक काल्पनिक कंपनसंख्या, म्हणजे अणू ज्या दिशेने माथ्यावरून घसरतील ती हालचाल, दिसली की काम झालं, असं नाही. माझ्या एका फाइलमध्ये ती होती, अ‍ॅनिमेशन लावलं तर नुसता एक मिथाइल गरगरत होता! हायड्राइड (ऋणभारित हायड्रोजन) बोरॉनवरून सीओटूच्या कार्बनकडे सरकताना दिसायला हवा. मग आयआरसी (माथ्यावरून दोन्ही बाजूंना खाली जाणाऱ्या वाटेची गणना) चालवून दोन्ही टोकं तपासा.

आणि शेवटचा टप्पा. बोरॉन ऑक्सिजनचा भुकेला. फॉर्मेट (फॉर्मिक आम्लाचा ऋण आयन) तयार झालं की बोरॉनलाच चिकटून बसतं, पाणी असेल तर तेही. हायड्रोजन आणि सीओटूपासून द्रवरूप फॉर्मिक आम्ल बनण्याची प्रमाण मुक्त ऊर्जाच सुमारे +३३ किलोज्यूल प्रति मोल, म्हणून आम्लाला पकडणारा बेस (अल्क) लागतो, आणि तो बेस बोरॉनला जाऊन बसणार नाही ना, हेही बघावं लागतं. म्हणून उत्प्रेरकाचं पूर्ण चक्र काढण्याआधी बोरॉनला पाणी, फॉर्मेट आणि बेस जोडून तिन्हींची मुक्त ऊर्जा काढतो. एका संध्याकाळचं काम. यातला एखादा आकडा फार खोल गेला, म्हणजे जोडणी फार घट्ट निघाली, तर तो बोरेन मी तिथेच सोडतो.