अणुभट्टीची बातमी वाचताना वही जवळ ठेवा

मी बोईसरला राहतो, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो. तारापूरचं अणुऊर्जा केंद्र 1969 पासून इथे आहे. त्यामुळे नव्या अणुभट्टीची बातमी आली की जुने विद्यार्थी कात्रण पाठवून विचारतात, "सर, हे खरंच होणार का?" त्यांना मी सांगतो ती रीत अशी.

वहीत एका ओळीत टप्पे लिहून काढा: संशोधन, तत्त्वतः मंजुरी, पैसा, पहिलं काँक्रीट, इंधन भरणं, क्रिटिकल होणं, ग्रिडला जोडणी, व्यापारी उत्पादन. बातमी कुठल्या टप्प्याची आहे तिथे खूण करून तारीख टाका. गुजरातमधल्या काकरापारची तिसरी भट्टी जुलै 2020 मध्ये क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यात आपोआप टिकणारी शृंखला अभिक्रिया (एक अणू फुटला की त्यातून पुढचे फुटत जाणं) सुरू झाली. व्यापारी उत्पादनाला जून 2023 उजाडला. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमच्या 500 मेगावॉटच्या फास्ट ब्रीडरचं (जाळते त्याहून जास्त इंधन तयार करणाऱ्या भट्टीचं) बांधकाम 2004 मध्ये सुरू झालं आणि भट्टीचा गाभा भरायला मार्च 2024 मध्ये हात लागला. द्रवरूप सोडियमने भट्टी थंड ठेवायचं हे तंत्र फार थोड्या देशांना साधलंय, म्हणून या उशिराला मी आळस म्हणणार नाही. पण होमी भाभांनी आखलेला, थोरियमपासून वीज बनवायचा मार्ग याच भट्टीवरून पुढे जातो, तेव्हा इथे गेलेलं प्रत्येक वर्ष तिकडेही जातं.

मग आकडा तपासा. मेगावॉट म्हणजे क्षमता. घरात येते ती युनिटं. 700 मेगावॉटची भट्टी वर्षभर 85 टक्के क्षमतेने चालली तर सुमारे 521 कोटी युनिटं मिळतात (700 × 1,000 किलोवॉट × 8,760 तास × 0.85; एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास). हे गणित स्वतः करा. 2047 पर्यंत 100 गिगावॉट (1 गिगावॉट म्हणजे 1,000 मेगावॉट) हे उद्दिष्ट वाचाल तेव्हा शेजारी लिहा: 2024 मध्ये आपण जेमतेम 8 वर होतो.

आता धोरण. इथे घाई करू नका, कारण खरी गाठ बहुधा इथेच असते. 2008 पूर्वी आपल्या कित्येक भट्ट्या इंधनाअभावी निम्म्या क्षमतेवर चालत होत्या. अणुपुरवठादार गटाने (अणुइंधन आणि तंत्र विकणाऱ्या देशांच्या गटाने) त्या वर्षी सवलत दिली, बाहेरचं युरेनियम आलं आणि त्याच भट्ट्या जोमाने चालू लागल्या. उलट, 2010 च्या कायद्याने अपघात झाल्यास भट्टी चालवणाऱ्याला सदोष यंत्र पुरवणाऱ्याकडून भरपाई वसूल करायची मुभा दिली आणि परदेशी कंपन्या अडून बसल्या. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने शांती विधेयक मंजूर करून तो कायदा बाजूला केला, खासगी कंपन्यांनाही दार उघडलं. अपघात झाला तर भरपाई कोण देणार, किती, हे कलम प्रत्येकाने मुळातून वाचावं. आम्ही केंद्राच्या शेजारी राहतो, आमच्यासाठी हा पुस्तकी प्रश्न नाही.

छोट्या भट्ट्यांबद्दल थोडक्यात: 2025 च्या अर्थसंकल्पात त्यांच्या संशोधनासाठी 20,000 कोटी जाहीर झाले, 2033 पर्यंत किमान पाच चालू करायच्या आहेत. वहीत त्या अजून सुरुवातीच्या खान्यांत ठेवा.

जैतापूरसाठी मात्र वेगळं पान काढा. तिथे 1,650 मेगावॉटच्या सहा फ्रेंच ईपीआर भट्ट्या योजल्या आहेत. याच जातीची फिनलंडमधली ओल्किलुओटो 3 भट्टी 2005 मध्ये बांधायला घेतली, 2009 ला पूर्ण व्हायची होती. नियमित उत्पादन एप्रिल 2023 मध्ये सुरू झालं. जनसुनावणीला गेलात तर हे पान सोबत न्या आणि विचारा: उशीर झाला तर वाढलेला खर्च युनिटच्या दरात येणार का? उत्तर लेखी मागा.