तर्री पोहे खाऊन शुगर कशी चेक करायची, आणि तेव्हा पॅनक्रियाजमध्ये (स्वादुपिंडात) काय चालू असते

घरी नवीन ग्लुकोमीटर आणला अन् पहिलाच आकडा २१२, सगळे घाबरून गेले, मग लक्षात आलं की आईनं आत्ताच संत्रं सोललं होतं आणि हात न धुताच बोट टोचलं. साबणानं हात धुवून, कोरडे करून परत पाहिलं तर १३८! त्यामुळे पहिले हात धुवा बाप्पा, नुसत्या स्पिरिटच्या बोळ्यानं संत्र्याची साखर जात नाही. आणि मे महिन्यात स्ट्रिपची डबी गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, नागपूरच्या उन्हात स्ट्रिपा खराब होतात.

आता एकच आकडा पाहून काही समजत नाही, जोडीनं घ्या. एक सकाळी उपाशीपोटी, दुसरा पोह्याच्या पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी.

दुसरा आकडा बीटा पेशींचा, म्हणजे रक्तातली शुगर खाली आणणारं इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींचं काम दाखवणारा. पॅनक्रियाजमध्ये पेशींची छोटी छोटी बेटं असतात, बीटा पेशी त्यांतच राहतात, लँगरहान्स नावाच्या जर्मन संशोधकानं ती १८६९ मध्ये पाहिली होती, संख्येनं दहा लाखाच्या आसपास पण वजन पाहाल तर पूर्ण ग्रंथीच्या फक्त १-२ टक्के. पोह्यातली साखर रक्तातून बीटा पेशीत शिरते, पेशी ती जाळते, त्या एनर्जीनं पोटॅशियमची दारं बंद होतात, मग कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिनच्या तयार पुड्या बाहेर पडतात. पहिला झोत दहा मिनिटांतच येतो, नंतर हळूहळू सुरू राहते. शुगरची सुरुवात होऊन राहिली असेल तर बरेचदा हा पहिला झोतच आधी कमजोर पडतो, म्हणून उपाशी रिपोर्ट ठीक अन् जेवणानंतरचा बिघडलेला असंही होते.

आणि सकाळचा आकडा? "रात्री जेवलोच नाही, तरी वाढली काहून?" हे सगळेच विचारतात. त्याच बेटांतल्या अल्फा पेशी रात्रभर ग्लुकॅगॉन नावाचं शुगर वाढवणारं हार्मोन सोडतात आणि लिव्हर त्या हुकमावर साठवलेली साखर रक्तात ओतते, नाही तर झोपेत मेंदूला काय मिळेल? इन्सुलिन या अल्फा पेशींना आवरते, तो लगाम ढिला झाला की लिव्हर गरज नसताना साखर काढत बसते. म्हणून रात्री उपाशी झोपणं हा काही इलाज नाही.

साधारण उपाशी १००च्या खाली, दोन तासांनी १४०च्या खाली बरं. उपाशी १२६ किंवा वर आली तर मशीनवर भरोसा ठेवू नका, लॅबमध्ये शिरेतून रक्त द्या.

पोहे खाल्ल्यावर फुटाळा तलावावर पंधरा-वीस मिनिटं चालून या अन् मग दोन तासांचा आकडा पाहा, चालताना स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढतात, फरक तुम्हालाच दिसेल.

इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील आणि ७०च्या खाली गेली तर चालणं-बिलणं सोडा, तीन चमचे साखर पाण्यात घोळून प्या, पंधरा मिनिटांनी परत टोचा. हात धुवूनच!