आओस्ता कसं बघायचं: आधी गाव पायी, मग वरच्या दऱ्या

इटलीच्या उत्तर-पश्चिम कोपऱ्यातलं आओस्ता बहुतेक लोक माँ ब्लाँकला जाताना हायवेवरून बघतात आणि पुढे निघून जातात. माझं मत विचाराल तर इथे तीन दिवस तरी काढाच. ग्रेट सेंट बर्नार्ड आणि लिटल सेंट बर्नार्ड या दोन्ही खिंडींचे रस्ते इथेच फुटतात, म्हणून तर रोमनांनी सालासी या इथल्या स्थानिक टोळीला हरवून इसवीसनपूर्व 25 मध्ये इथे शहर वसवलं. हे एकदा डोक्यात ठेवलं की बाकी सगळं आपोआप जुळत जातं.

तूरीनकडून कार घेऊन येत असाल तर डोनासला थांबा. तिथे डोंगराचा कडा तासून काढलेला रोमन रस्ता आहे, त्याच खडकात कोरलेली कमान आहे आणि दगडात चाकांच्या चाकोऱ्या अजून स्पष्ट दिसतात. तिथून जवळच बार्डचा किल्ला, 1800 मध्ये नेपोलियनच्या सैन्याला जवळजवळ दोन आठवडे अडवणारा. आज दिसतो तो मात्र 1830 च्या दशकात पुन्हा बांधलेला.

आओस्तात सुरुवात पूर्वेकडून करा, म्हणजे रोमन माणूस जसा शहरात शिरायचा तसंच तुम्ही शिराल. आधी रोमन पूल बघा, याच्याखाली आता पाणीच नाही कारण बुतिए नदीने पात्र बदललं. मग ऑगस्टसची कमान, तिच्यावरचं दगडी पाट्यांचं छप्पर 18व्या शतकातलं, आणि तिथून सरळ रस्त्याने चालत गेलं की पोर्ता प्रेतोरिया हा दुहेरी दरवाजा लागतो. इथे थांबून खाली बघा, रोमन काळातली जमीन आताच्या रस्त्यापेक्षा बरीच खाली होती ते कळतं. बाजूलाच रोमन थिएटर, त्याची 22 मीटर उंच भिंत अजून उभी आहे आणि मागे बर्फाचे डोंगर, फोटो सकाळी काढा. कॅथेड्रलजवळचं क्रिप्टोपोर्टिको, म्हणजे जमिनीखालचा कमानींचा रोमन बोळ, पण चुकवू नका. या जागांसाठी एकत्र तिकीट मिळतं, तेच घ्या.

वाटेत सांतोर्सो चर्च लागतं आणि लोक घाईत ते सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. मठाच्या अंगणाभोवतीच्या खांबांवर 12व्या शतकातलं कोरीवकाम आहे, एकेक खांब म्हणजे एकेक गोष्ट, तासभर तरी द्या. जानेवारीच्या 30-31 तारखेला गावात असाल तर सांतोर्सोची जत्रा, लाकूडकाम करणारे कारागीर रस्ताभर बसलेले असतात.

दुसरा दिवस कोन्यच्या दरीला. जाताना पों दाएल हा रोमन पूल बघायचाच, इसवीसनपूर्व 3 मधला, खोल घळीवर एकाच कमानीत बांधलेला. वरून पाणी जायचं आणि त्याच्याच पोटातून माणसं चालायची, त्या बोळातून आजही चालता येतं. पुढे लीलाजचे धबधबे, वाट सोपी आहे, मुलं आणि वयस्कर माणसंही आरामात जातात. चालायची ताकद असेल तर वाल्नोन्तेहून व्हितोरिओ सेल्ला रिफ्युजला (डोंगरातलं मुक्कामाचं घर) चढा, साधारण 900 मीटरची चढण आहे, पण आयबेक्स हा रानबोकड दिसायची शक्यता चांगली, खासकरून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. एकेकाळी जवळजवळ संपलेला हा प्राणी राजाच्या शिकारीच्या राखीव जंगलामुळे वाचला आणि तेच जंगल 1922 मध्ये ग्रान पारादिसो नॅशनल पार्क झालं. त्यांच्या मागे धावू नका, खायला देऊ नका, ड्रोन तर नाहीच.

तिसऱ्या दिवशी हवा बघून ठरवा. आकाश स्वच्छ असेल तर कूरमायोरहून स्कायवे केबल कार, गोल फिरणाऱ्या केबिनने थेट 3466 मीटरवर. पहिल्या गाड्यांपैकी एक पकडा कारण दुपारी ढग येतात, आणि उन्हाळ्यातही जाड जॅकेट, गॉगल लागतोच. वर पोचल्यावर हळू चाला, एकदम एवढ्या उंचीवर गेलं की डोकं दुखू शकतं. ढग असतील तर फेनीसचा वाडेवजा किल्ला बघा, अंगणातलं संत जॉर्जचं भित्तिचित्र सुंदर आहे.

ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड 2469 मीटरवर आहे. तिथला रस्ता साधारण जून ते ऑक्टोबरच चालू असतो, एरवी बोगद्यातूनच जावं लागतं. जुनी धर्मशाळा सीमेपलीकडे स्वित्झर्लंडमध्ये आहे, म्हणून पासपोर्ट हॉटेलात ठेवून निघू नका.