फोटो की झिप? दोन्ही! साईटवरचा अपलोड फॉर्म कसा सांभाळायचा

आधी स्वतः करून बघा, मगच पटेल. एक जेपीजी फोटो आणि एक साधी झिप घ्या, लिनक्सवर कॅट कमांडने फोटोच्या मागे झिप चिकटवा आणि तिसऱ्या फाईलला नाव द्या आंबा.जेपीजी. डबल क्लिक केलं की आंबा दिसतो. आता त्याच फाईलवर अनझिप चालवा, सुरुवातीला जास्तीचे बाईट्स आहेत म्हणून जरा कुरकुरेल पण आतला माल बाहेर काढून देईल.

जेपीजी वाचणारा वरून सुरू करतो, एफएफ डी९ हे शेवटचे बाईट्स आले की थांबतो, पुढे काय पडलंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. झिपची अनुक्रमणिका असते शेवटी, म्हणून तो वाचणारा खालून येतो. २००८ मध्ये गाजलेलं जीफार हेच, जीआयएफ फोटोच्या मागे जावा प्रोग्रामची जार फाईल (जार म्हणजे झिपच की!), साईट फोटो समजून ठेवून घ्यायची आणि दुसऱ्या पेजवरून तीच फाईल अ‍ॅपलेट (ब्राउझरमध्ये चालणारा छोटा जावा प्रोग्राम) म्हणून चालवली की ब्राउझरला तो त्या साईटचाच कोड वाटायचा. अ‍ॅपलेट गेले, पण फोटोच्या फाईलमध्ये आत जी कमेंटची जागा असते तिथे पीएचपी, म्हणजे सर्व्हरवर चालणारा कोड, लपवणं अजून चालू आहे.

त्यामुळे फाईलचा प्रकार ओळखायला फक्त पहिले बाईट्स तपासून खूश होऊ नका, मीपण बरेच दिवस तेवढ्यावरच निवांत होतो. आलेला फोटो सर्व्हरवर उघडून पिक्सेलवरून नवा सेव्ह करा, मागे चिकटवलेलं आणि कमेंट्स सगळं गळून पडतं. उघडायच्या आधी लांबीरुंदीवर मर्यादा घाला नाहीतर एखादा अवाढव्य फोटो मेमरी खाऊन बसेल. पिक्सेलमध्येच कोड बसवणारे महाभाग पण आहेत, म्हणून फाईलचं नाव आणि एक्स्टेन्शन आपलं द्यायचं, युजरचं नाही, आणि अपलोडच्या फोल्डरमध्ये स्क्रिप्ट चालणं बंद.

पीडीएफ असं नव्याने काढता येत नाही सहज, ते वेगळ्या डोमेनवर ठेवा, हेडरमध्ये नोस्निफ लावा (म्हणजे ब्राउझर फाईलचा प्रकार स्वतः ओळखायला जात नाही) आणि ब्राउझरमध्ये न उघडता डाऊनलोडच होऊ द्या.

झालं की आंबा.जेपीजी आपल्याच साईटवर चढवा, परत उतरवा, अनझिप करा. अजून उघडतेय? मग बहुतेक थंबनेल तेवढं नवीन बनतंय आणि ओरिजिनल जसंच्या तसं पडून आहे, माझ्याकडे तरी तेच निघालं होतं.