जॉन सरॅटचा माग काढायला निघण्यापूर्वी

लिंकन यांच्या हत्येच्या कटात ७ जुलै १८६५ला फाशी गेलेली मेरी सरॅट अनेकांना माहीत असते. तिचा नवरा जॉन १८६२मध्येच वारला, म्हणून त्याच्याकडे फारसं कुणी वळत नाही. पण मेरीलंडच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत चौरस्त्यावर जमीन घेऊन टॅव्हर्न, म्हणजे दारू-जेवण मिळणारी खाणावळ, थाटणारा आणि तिथेच पोस्टही चालवणारा हा कर्जबाजारी गृहस्थ दप्तरात जागोजागी भेटतो. वॉशिंग्टनच्या आसपास राहत असाल आणि जुने कागद चाळायची हौस असेल, तर आधी एवढी तयारी करा.

मुलाचं नावही जॉनच, आणि बाप गेल्यावर पोस्टमास्तर झाला तोही हाच मुलगा. तेव्हा वहीच्या पहिल्या पानावर ‘ऑगस्ट १८६२’ ठळक लिहून ठेवा; इस्टेटीचे कागद सोडले, तर त्यानंतरची नोंद बापाची नव्हे. गावाचं नाव तेव्हा सरॅट्सव्हिल होतं, आज क्लिंटन आहे. दोन्ही नावांनी शोधा.

जमिनीचं काम घरूनच सुरू करा. आपल्याकडे सात-बारा काढला की मालक, क्षेत्र, बोजा एकत्र दिसतं. तिथे एकेक खरेदीखत गाठावं लागतं. मेरीलंडचे जुने दस्त राज्य अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर मोफत खातं उघडून पाहता येतात. सूच्या दोन असतात, विकणाऱ्यांची आणि घेणाऱ्यांची. दोन्ही पाहा, कारण सरॅटने १८५२मध्ये सुमारे २८७ एकर घेतले तसे त्यातले काही विकलेही. दस्ताच्या पुस्तकाला त्या वेळच्या कारकुनाची आद्याक्षरं असतात, ती आकड्यासकट उतरवून घ्या. हद्दीची मापं ‘पर्च’मध्ये येतील, एक पर्च म्हणजे साडेसोळा फूट. १८५३मध्ये घेतलेलं एच स्ट्रीटवरचं घर मात्र वॉशिंग्टन शहरातलं, त्याचे कागद काउंटीच्या दस्तांत शोधत बसू नका.

खरा ऐवज उधारीत आहे. सरॅटने जॉन नॉथीला ७५ एकर विकले, पैसे पुरते वसूल झाले नाहीत. आणि ज्या कॅल्व्हर्ट कुटुंबाकडून स्वतः जमीन घेतली होती, त्यांचंही देणं राहिलं. एप्रिल १८६५मध्ये कॅल्व्हर्टचा तगादा आला. नॉथीकडचे ४७९ डॉलर आणि त्यावरचं १३ वर्षांचं व्याज वसूल करायला आपण टॅव्हर्नवर गेलो, हा मेरीचा बचाव. सरकारी पक्ष म्हणाला, हत्येच्या कटासाठी तिथे दडवलेल्या बंदुकांसाठी गेली. म्हणून खटल्याच्या छापील साक्षी आधीच वाचून जा. टॅव्हर्न भाड्याने घेतलेला लॉइड त्यात सांगतो की कार्बाइन, म्हणजे आखूड बंदुका, कोठाराच्या वरच्या खोलीतून मुख्य इमारतीच्या तुळयांपाशी दडवल्या होत्या. घराची अशी आतली माहिती खरेदीखतात मिळायची नाही. फक्त लॉइड स्वतःची मान सोडवत होता, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

दारूविक्रीचे परवाने काउंटी कोर्टाच्या कारकुनाकडे, मयताच्या इस्टेटीचे कागद ऑर्फन्स कोर्टाकडे, पोस्टमास्तरांच्या नेमणुका वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. या तिन्हींची मागणी वेगवेगळी नोंदवावी लागते, तेव्हा अभिलेखागाराला आधीच विचारून ठेवा. पेन्सिल न्या, शाईचं पेन दारातच अडवतील.

१८५० आणि १८६०ची जनगणना बघताना गुलामांची वेगळी यादी वगळू नका. तिथे मालकाचं नाव आहे, पण राबणाऱ्यांचं फक्त वय, लिंग आणि रंग. टॅव्हर्नमध्ये पाणी कोण भरत होतं, शेत कोण कसत होतं, ते तिथून कळत नाही. मेरीलंडमध्ये गुलामगिरी १ नोव्हेंबर १८६४ला संपली. त्यानंतर भरपाई मिळेल या आशेने मालकांनी १८६७पासून आपल्या माजी गुलामांच्या याद्या दिल्या, त्यांत नावं आहेत, आणि या काउंटीच्या याद्या शिल्लक आहेत. सरॅट घराण्याबरोबर मेरीचं माहेर जेन्किन्स, कॅल्व्हर्ट आणि शेजारचे जमीनदार यांचीही नावं त्यात तपासा.