वाचणाऱ्यांनो, लिहिणाऱ्यांनो, या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षाला गेलं की एक बिनपगारी नोकरी लागते. पहिल्या वर्षाची पोरं वही घेऊन येतात, 'दादा, जरा नजर टाका की' म्हणतात आणि चहा न पाजता निघून जातात. कविता, कथा, पुस्तक परीक्षण, ट्यूटोरियल, काय वाट्टेल ते. वर्षभर हे वाचून माझं एक मत झालंय. अक्षर बदलतं, चुका त्याच राहतात. आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त उसनवारीच्या असतात. मत गाईडचं, वाक्य व्हॉट्सअ‍ॅपचं, बोली टीव्हीवरची. म्हणून हे एकदाच लिहून ठेवतो. पुढच्या वेळी कुणी वही पुढं केली की मी हे पुढं करणार.

पुस्तक न वाचता पुस्तकावर लिहिणं

ही सगळ्यांची लाडकी चूक. माझीही होती, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या वर्षाला तोंडी परीक्षेला 'ययाति' होती. आता खांडेकर आमच्या सांगलीत जन्मलेले, १८९८ साली. मराठीला पहिलं ज्ञानपीठ, १९७४ चं, याच कादंबरीमुळं मिळालं. एवढी माहिती मला तोंडपाठ होती. कादंबरी मात्र कपाटात होती. गाईडमध्ये सात मुद्दे होते. त्यातले सहा मी घोकले. सातवा होता 'निवेदनपद्धती'. तो चार मार्कांचा, म्हणून सोडला.

सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ही गोष्ट कोण सांगतंय?"

मी म्हणालो, "खांडेकर."

सर म्हणाले, "ते झालंच. आणखी कोण?"

मला वाटलं, प्रश्नात काहीतरी खोच आहे. जरा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणालो, "समाज, सर."

शेजारी बसलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. हसू दाबण्याचा तो सभ्य प्रकार असतो, हे मला नंतर कळलं.

ज्यांनी वाचलीय त्यांना माहीत आहे, ही कादंबरी ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा अशी तीन माणसं आपापल्या तोंडानं सांगतात. पहिली पन्नास-साठ पानं नुसती डोळ्यांखालून घातली आणि पुढची प्रकरणं चाळली तरी हे कळतं. मी तेवढंही केलं नव्हतं.

मार्क जे पडायचे ते पडले. सुट्टीत इरेला पेटून वाचायला घेतली, नऊ दिवस लागले. तेव्हा कळलं की गाईडनं माझं नेमकं काय नुकसान केलं होतं. गाईडमध्ये 'देवयानी : अहंकारी, शर्मिष्ठा : त्यागी' असं चौकटीत छापलेलं होतं. पण देवयानी स्वतः बोलायला लागली की चौकट हलते. तिच्या बाजूनं तिचं सगळं बरोबरच वाटतं. मग शर्मिष्ठा बोलते आणि आपण गुपचूप पक्ष बदलतो. हा पक्ष बदलतानाचा जो चोरटेपणा वाटतो ना, तेच त्या कादंबरीचं वाचन. तो कुठल्याही मुद्द्यात बसत नाही.

आता गाईडची जागा मोबाइलनं घेतलीय. अ‍ॅपला विचारायचं, 'अमुक कादंबरीचा सारांश दे', की अर्ध्या मिनिटात दोन परिच्छेद हजर. गाईड निदान सायकलवरून जाऊन विकत तरी आणावं लागायचं.

माझा उपाय शास्त्रशुद्ध नाही. मी जुन्या कॅलेंडरचं पान फाडतो आणि पुस्तक संपलं की, कुणाचंही मत वाचायच्या आधी, पाठकोऱ्या बाजूला तीन गोष्टी लिहितो. कोण सांगतंय. त्याला काय माहीत नाही. आणि मी कुठं कंटाळलो. तिसरी सगळ्यात उपयोगी. 'पान १४० ते १६५ कंटाळा' असं प्रामाणिकपणे लिहिलं की पुढं 'का' लिहावंच लागतं, आणि तिथून स्वतःचं परीक्षण सुरू होतं. 'लेखकाने समाजातील विदारक वास्तव समर्थपणे रेखाटले आहे' हे वाक्य मग लागत नाही. ते वाक्य मी यंदा अकरा वह्यांत वाचलंय. त्यातली एक वही विनोदी कथासंग्रहावर होती.

किरकोळ वाटणाऱ्या, पण डोकं फिरवणाऱ्या

वाचनालयाच्या पुस्तकात पेननं रेघा मारणं. यावर बोलण्यासारखं काही नाही, हात बांधून ठेवा.

उत्तराची सुरुवात 'सांगली ही नाट्यपंढरी असून' अशी करणं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीतास्वयंवर' केलं याचा अभिमान मलाही आहे. पण प्रश्न मर्ढेकरांच्या कवितेवर आहे, बाबा.

दोन माडगूळकरांची अदलाबदल. थोरले गदिमा, 'गीतरामायण' त्यांचं. धाकटे व्यंकटेश, 'बनगरवाडी' त्यांची. दोघंही आपल्याच आटपाडी तालुक्यातले. बाहेरच्यांनी घोळ घातला तर समजू शकतो, आपण घातला तर गाव हसेल.

फोटोवर छापलेलं सुवाक्य लेखकाच्या नावावर खपवणं. कुठल्या पुस्तकातलं, कितवं पान, हे सांगता येत नसेल तर वापरू नका. पु.लं.च्या नावावर फिरणारं निम्मं वाचून खुद्द पु.लं.ना घाम फुटला असता. माहिती हवीच असेल तर आपल्या वाईत तयार झालेला मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी त्यात हयात घालवली, आपण निदान एक नोंद उघडावी.

भिलारला जाऊन पुस्तकाबरोबर फोटो काढणं आणि पुस्तक परत ठेवणं. २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत कपाटं आहेत, बसायला जागा आहे, कुणी उठवत नाही. गेल्या खेपेला आमच्या ग्रुपमधल्या सात जणांनी मिळून स्ट्रॉबेरी दोन किलो खाल्ली आणि पानं वाचली चार.

'शुद्धलेखन गेलं उडत, भाव महत्त्वाचा.' ठीक. पण मग कार्यक्रमाच्या बॅनरवर 'कवीसंमेलन' छापून येतं आणि त्याखाली आपलं नाव असतं. कवी एकटा असताना दीर्घ, समासात गेला की ऱ्हस्व. कविसंमेलन, विद्यार्थिसंघ, प्राणिसंग्रहालय. नियम पाठ होत नसतील तर करू नका, मलाही होत नाहीत. आपण नेहमी चुकतो अशा शब्दांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर करा. माझी सत्तेचाळीस शब्दांची आहे. 'आशीर्वाद' त्यात तीनदा आलाय.

पुस्तकं खालच्या फळीवर ठेवणं

ही चूक फक्त नदीकाठच्यांसाठी, बाकीच्यांनी पुढं जावं. आमचं घर सांगलीच्या गावभागात. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आम्ही फ्रिज चढवला, टीव्ही चढवला, गहू-तांदूळ चढवले. पुस्तकं राहिली. 'पाणी इथंवर कुठलं यायला' असं आजोबा म्हणाले होते, कारण २००५ ला आलं नव्हतं.

पाणी ओसरल्यावर आत गेलो तर कपाटाचं दार उघडेना. पुस्तकं फुगून एकमेकांत घट्ट अडकली होती. मी अकरावीत होतो, अक्कल बेताची. सगळी गच्चीवर नेऊन उन्हात पसरली. संध्याकाळपर्यंत पानांची कुरडई झाली. गुळगुळीत कागदाची होती ती तर विटेसारखी एकसंध वाळली, ती आजतागायत उघडलेली नाहीत. नंतर कळलं की ऊन दाखवायचं नसतं. सावलीत उभी करायची, पानांच्या मधेमधे कोरा, पाणी शोषणारा कागद घालायचा, तो भिजला की बदलायचा, पंखा लावायचा. आणि गुळगुळीत पानं ओली असतानाच सोडवायची.

आता सगळ्यात खालच्या फळीवर गाईडं ठेवलीत.

न ऐकलेली बोली लिहिणं

आता माझ्या खास रागाचा विषय. आमच्याकडं दर तिसरा नवा लेखक ग्रामीण कथा लिहितो, आणि त्यातला दर म्हातारा 'आरं पोरा, म्या काय सांगतुया' असा सुरू होतो. जत असो, पाटण असो, शिराळा असो, सगळे म्हातारे एकाच शाळेत शिकल्यासारखे बोलतात. ती शाळा टीव्हीवर रात्री साडेआठला भरते.

मीही लिहिली होती. आटपाडीकडचा धनगर, त्याचा शहरात गेलेला मुलगा, शेवटी पाऊस. बावीस पानं. वर्गात वाचून दाखवली, टाळ्या पडल्या. माझी आत्या आटपाडी तालुक्यात दिलीय. दिवाळीला आली तेव्हा तिला मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवली. ती वाती वळत बसली होती. चार पानं ऐकली आणि म्हणाली, "ह्यो माणूस कुठला म्हणायचा?"

"तुमच्याकडचाच की."

"आमच्याकडं आता 'म्या' कोण म्हणतंय? माझ्या सासूबाई म्हणायच्या. आणि एवढं बोलतोय का कोण? मेंढरामागं हिंडणारा माणूस दिवसभर गप असतोय. रानात मेंढरं बसवायला आलं की आमच्या मालकांशी दोन शब्द बोलत्यात, तेबी धान्याचं."

मी पुढं वाचलं. शेवटचं पान आलं, धो धो पाऊस, भिजणारी मेंढरं, बापाच्या डोळ्यांत पाणी. आत्यानं वात खाली ठेवली.

"पाऊस कुठला पाडलास रे एवढा? आमच्याकडं ढग येत्यात, बघून जात्यात."

यावर काय बोलणार? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आटपाडीला चारशेच्या आसपास. मी सातारा जिल्ह्याचा पाऊस उचलून सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी टोकावर ओतला होता, कारण शेवट ओला हवा होता.

मग मी दुसरी चूक केली. रागाच्या भरात आठ दिवसांत कथा फिरवली आणि पाऊस काढून सगळीकडं भेगाळलेली जमीन घातली. फोनवर वाचून दाखवली. आत्या म्हणाली, "आरं, आमच्यात टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी आलंय. डाळिंबं लावल्यात. तू येऊन बघ की एकदा."

म्हणजे पाऊसही माझा नव्हता आणि दुष्काळही. दोन्ही वाचलेले. जुन्या लेखकांनी माणदेश, म्हणजे हाच आटपाडीकडचा दुष्काळी पट्टा, लिहिला तो त्यांनी पायी तुडवला होता. मी त्यांची पानं तुडवली.

तेव्हापासून महिन्यातून एकदा आटपाडीच्या एसटीत बसतो. खिडकी नाही पकडायची, मधली सीट पकडायची. तासगाव मागं पडलं की कान उघडे ठेवायचे. मोबाइलवर रेकॉर्डिंग करू नका. एक तर ते बरं नव्हे, आणि माणसाला कळलं की तो लगेच बातम्या दिल्यासारखा बोलतो. उतरल्यावर फक्त तीन वाक्यं लिहायची, जशी ऐकली तशी. पहिल्या खेपेला एक बाई दुसरीला विचारत होती, "काय करायलाय पोरगं आता?" आणि उत्तर आलं, "बसलंय की." बास. ते 'बसलंय की' मी बावीस पानांत कुठं लिहिलं नव्हतं. पोराची नोकरी गेल्याचं मी दीड पान वर्णन केलं होतं.

बोली म्हणजे शब्दांची तोडमोड नव्हे, हे मला त्या 'की'नं शिकवलं. 'करायलाय' आणि 'की' एवढं जागेवर पडलं तर बाकीचं वाक्य प्रमाण मराठीत असलं तरी चालतं. उलट प्रत्येक शब्दाला अनुस्वार आणि 'ह्यो-त्यो' चिकटवलं की वाचणारा दमतो आणि पात्र नकली होतं.

यावर नेहमीचा प्रश्न येतो: दादा, एवढं फिरायला वेळ कुठाय, दिवाळी अंकाला पाठवायचंय. दिवाळी अंक १९०९ पासून निघतात, 'मनोरंजन'चा पहिला. यंदाचा चुकला तर पुढच्या वर्षी निघणार आहेत. आणि पाठवायचंच असेल तर सप्टेंबरात पाठवू नका, तोवर बहुतेकांची पानं भरलेली असतात. एकच कथा नऊ संपादकांना एकाच ईमेलमध्ये तर अजिबात नको. सगळ्यांना सगळ्यांचे पत्ते दिसतात. हे मला कसं माहीत, ते विचारू नका.

माझी कथा आता नऊ पानांची झालीय. पाऊस नाही, दुष्काळ नाही. डाळिंबाच्या बागेत फवारणी चाललीय आणि बाप कुंपणापलीकडं मेंढरं घेऊन उभा आहे, कारण त्याला नेहमीच्या वाटेनं जाता येत नाही. गेल्या रविवारी आत्याला फोन लावून वाचायला घेतली. पाच पानं ती काही बोलली नाही. सहाव्याला म्हणाली, "थांब, दूध उतू चाललंय," आणि फोन ठेवला.

अजून तिचा फोन आलेला नाही.