यशस्वी प्रशिक्षक जाण्याची धास्ती असताना छोट्या फुटबॉल क्लबाने काय करावे

तळकोकणात फुटबॉलचा संघ उभा राहतो तो फार थोड्या माणसांच्या जिवावर. क्रिकेटच्या स्पर्धांना गावोगावी देणगीदार मिळतात, कबड्डीला हक्काचा प्रेक्षक असतो. फुटबॉलच्या वाट्याला शाळेचे मैदान, भातकापणीनंतर मोकळे झालेले एखादे शेत आणि खेळाचे वेड असलेली चार-पाच माणसे एवढेच येते. अशा संघाला चांगला प्रशिक्षक लाभला आणि दोन हंगामांत तो जिंकू लागला, की पाठीराख्यांच्या आनंदात एक भीती मिसळते. बसस्टँडवर, चहाच्या टपरीवर, मासळीबाजारात एकच प्रश्न सुरू होतो: सर राहतील ना?

ही भीती खोटी नाही. सावंतवाडी, वेंगुर्ले किंवा दोडामार्गाहून गोव्याची हद्द जवळ आहे, आणि गोव्यात धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, एफसी गोवा अशी मोठी नावे आहेत. घाट चढून गेले की कोल्हापूर लागते, जिथे पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात आणि त्यांच्यामागे अख्खी पेठ उभी असते. मुंबईत शाळांपासून खासगी अकादम्यांपर्यंत सगळीकडे जाणत्या प्रशिक्षकाला मागणी आहे. आपल्या सरांचे काम कोणाच्या तरी नजरेत भरणारच. म्हणून पाठीराख्यांनी आणि कार्यकारिणीने दोन गोष्टींची तयारी एकाच वेळी करावी: सरांना राहावेसे वाटेल अशी व्यवस्था, आणि ते गेलेच तर संघ मोडणार नाही अशी व्यवस्था. माझ्या मते दुसऱ्या गोष्टीवर अधिक मेहनत घ्यावी, कारण जिथे सगळा भार एकट्यावर पडत नाही, तिथेच चांगल्या प्रशिक्षकाला चार वर्षे काढावीशी वाटतात.

सुरुवात सरळ बोलण्यापासून करावी. हंगामातला शेवटचा सामना झाला की आठ-पंधरा दिवसांत अध्यक्ष आणि एखादा ज्येष्ठ खेळाडू, अशा दोघांनीच सरांची भेट घ्यावी. वीस-पंचवीस जणांनी घरी जाऊन गराडा घालू नये; गर्दीसमोर कोणीही मनातले बोलत नाही, आणि भिडेपोटी दिलेला होकार पुढे टिकत नाही. मैदानाच्या कडेला मुले त्यांना विचारतातच, "सर, तुमी जातलास काय?" मुलांनी तसे विचारणे स्वाभाविक आहे, मोठ्यांनी मात्र उत्तर मिळेल अशा रीतीने विचारावे. कोणी बोलावले आहे का, हे विचारण्याआधी इथे काय अडते ते विचारावे. अडचण मानधनाची असेलच असे नाही. कधी रोजच्या एसटीच्या प्रवासाने माणूस थकलेला असतो, कधी पत्नीची नोकरी दुसऱ्या तालुक्यात असते, कधी प्रशिक्षकाचा पुढचा परवाना मिळवायचा असतो आणि त्या अभ्यासक्रमासाठी रजा व पैसे नसतात, तर कधी संघनिवडीत कार्यकारिणीतले कोणीतरी वारंवार ढवळाढवळ करत असते. शेवटचे कारण असेल तर ते त्याच आठवड्यात दूर करावे, कारण त्याला पैसा लागत नाही आणि माणसे सोडून जातात ती बहुधा अशाच कारणांनी.

बोलणे झाले की ते कागदावर आणावे. गावातल्या क्लबांत तोंडी व्यवहारावर भर असतो आणि त्यामागे खरी आपुलकी असते, तरीही दोन पानी लेखी करार दोन्ही बाजूंना मोकळे करतो. मंडळ संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० यांखाली नोंदलेले असेल, तर कार्यकारिणीत ठराव करून तो इतिवृत्तात लिहावा, म्हणजे पदाधिकारी बदलले तरी शब्द बदलत नाही. मानधन किती व कोणत्या तारखेला बँकेत जमा होणार, संघनिवड पूर्णपणे कोणाकडे, सोडून जायचे असल्यास किती आधी सांगायचे, एवढे तरी त्यात असावे. कराराची मुदत ऐन स्पर्धांच्या दिवसांत संपू देऊ नये. ती हंगामानंतर संपावी, म्हणजे जाणे झाले तरी पुढची सोय करायला पावसाळा हाताशी राहतो.

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या परवान्यांची पायरी डी, सी, बी, ए अशी चढत जाते. सरांना वरची पायरी गाठायची असेल तर शुल्काचा भार क्लबाने उचलावा आणि त्या बदल्यात पुढचा एक पूर्ण हंगाम थांबण्याचे कलम घालावे. त्याआधी गेल्यास शुल्क परत करावे, इतकेच. इंग्लंडमध्ये २०२२ च्या सप्टेंबरात चेल्सी क्लबाने ब्रायटन क्लबाचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, ग्रॅहम पॉटर यांना नेले, तेव्हा ब्रायटनला मोठी भरपाई मिळाली. आपल्या क्लबाला तसल्या रकमेची भाषा शोभणार नाही, पण उचललेल्या खर्चाची रास्त परतफेड मागण्यात संकोच नको. या सगळ्याला लागणारा पैसा वर्षातून एकदा मोठी देणगी मागून उभा करण्यापेक्षा गणपतीत आणि शिमग्याला गावी येणाऱ्या चाकरमान्यांकडून दरमहा थोडी ठरावीक रक्कम बांधून घ्यावी. मानधन दर महिन्याला द्यायचे असते, म्हणून येणेही दर महिन्याचे हवे.

आता सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत दुर्लक्षित काम. सर जे शिकवतात ते बहुतेक क्लबांत केवळ सरांच्या डोक्यात असते. ते त्यांच्या संमतीने, त्यांच्या देखत, लिहून ठेवायला हवे.

आमच्याकडे जुलैतला एक सराव नेहमी पाहायला मिळतो. मैदानाची विहिरीकडची बाजू पाण्याखाली गेलेली असते. सर फक्कीच्या जुन्या रेघा सोडून देतात, सड्याच्या, म्हणजे उंच कातळाच्या, बाजूचा कोरडा पट्टा शंकू लावून वेगळा काढतात आणि तिथे सहा विरुद्ध सहा खेळवतात. मधल्या फळीतल्या मुलांना चेंडू जमिनीलगत ढकलायला बंदी असते, कारण चिखलात तो दोन हातांवर अडतो. तळव्याने थांबवायचा, पुढच्या पायाने थोडा उचलायचा आणि सहकाऱ्याच्या मांडीच्या उंचीवर द्यायचा. गोलरक्षकाला ते ओल्या चेंडूसाठी नुसत्या हातांवर विसंबून न राहता, आधी शरीर आडवे घालून चेंडू अडवायला लावतात. बघणाऱ्याला हा पावसातला दंगा वाटतो, पण गणेश चतुर्थीनंतरच्या ओलसर मैदानांवर आमचा संघ जिंकतो तो याच तासाभराच्या सरावामुळे.

हे कोणी लिहून ठेवले आहे का? लिहायला एक माणूस नेमावा. गुडघा दुखावल्याने खेळणे सुटलेला जुना खेळाडू किंवा शाळेतले क्रीडाशिक्षक यासाठी योग्य. त्याने प्रत्येक सरावाची तारीख, हजेरी, मैदानाची स्थिती, कोणता सराव किती वेळ घेतला, आणि मुख्य म्हणजे तो का घेतला, हे लिहावे. ‘का’ हा रकाना रिकामा राहिला तर वही निरुपयोगी ठरते. काय केले ते चित्रफितीतही दिसते, कारण मात्र सरांनाच विचारावे लागते. कॉर्नर व फ्री किकच्या रचना आकृती काढून ठेवाव्यात. सामन्याचे चित्रण शाळेच्या गच्चीवरून करावे, कारण रेषेवरून घेतलेल्या चित्रणात चेंडू दिसतो पण फळ्यांमधले अंतर दिसत नाही. प्रत्येक मुलाचे एक पान असावे: कोणता पाय चालतो, कशावर काम सुरू आहे, घरची अडचण काय. ज्या मुलाचे वडील मासेमारी करतात तो पावसाळी बंदीच्या काळात रोज येतो आणि होड्या पुन्हा दर्यात गेल्या की अनियमित होतो. आंबा बागायतदाराच्या घरचा मुलगा मार्च ते मे दिसत नाही. सरांना हे तोंडपाठ असते. नव्या माणसाला ते कळायला एक हंगाम जातो आणि तेवढ्यात दोन चांगली मुले बेशिस्त ठरवून बाहेर बसवली जातात.

वहीइतकाच सहायक प्रशिक्षकही आवश्यक आहे. लंडनच्या ब्रेंटफर्ड क्लबाचे डीन स्मिथ २०१८ च्या ऑक्टोबरात ॲस्टन व्हिलाला गेले, तेव्हा क्लबाने त्यांचे सहायक थॉमस फ्रँक यांच्याकडे संघ सोपवला. फ्रँक पहिल्या १० सामन्यांपैकी ८ हरले. क्लबाने त्यांना काढले नाही, आणि २०२१ मध्ये त्यांच्याच हाताखाली ब्रेंटफर्ड १९४७ नंतर प्रथमच इंग्लंडच्या सर्वोच्च विभागात पोहोचला. पुढे २०२५ मध्ये फ्रँक टॉटनहॅमला गेले, तेव्हाही क्लबाने आपल्याच प्रशिक्षकवर्गातल्या कीथ अँड्र्यूज यांना पुढे केले. आपल्याकडे सहायक म्हणजे पाण्याच्या बाटल्या आणि चेंडूंची पिशवी सांभाळणारा असा समज आहे, तो मोडावा. त्याला डी परवान्यासाठी पाठवावे, कुमारांचा संघ पूर्णपणे त्याच्या हाती द्यावा, आणि मोठ्या संघाचे दोन-तीन मित्रत्वाचे सामने सरांनी बाजूला बसून त्यालाच हाताळू द्यावेत. मोठा क्लब प्रशिक्षक नेतो तेव्हा अनेकदा सहायकांनाही सोबत नेतो, पॉटर यांच्याबरोबर ब्रायटनचे सहायकही गेले होते. म्हणून सहायक शक्यतो गावातला, इथेच घर-संसार असलेला असावा.

खेळाडूंचाही विचार करावा लागतो. २०१६-१७ मध्ये खालिद जमील यांच्या मार्गदर्शनाखाली मिझोरमच्या ऐझॉल एफसीने आय-लीग ही देशपातळीवरची साखळी स्पर्धा जिंकली. आदल्या हंगामात हा संघ खालच्या विभागात घसरला होता आणि गोव्याच्या क्लबांनी माघार घेतल्यावर त्याला पुन्हा जागा मिळाली होती, त्यामुळे त्या विजेतेपदाचे मोल फार मोठे. पुढच्याच हंगामात जमील कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबाला गेले. मधल्या फळीतला महमूद अल अम्नाही तिकडेच गेला, आणि ऐझॉलला विजेतेपद राखता आले नाही. आपल्या पातळीवर यापासून घ्यायचा धडा असा की खेळाडूंची नोंदणी महासंघाच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत क्लबाच्या नावे वेळेवर करावी आणि प्रत्येक मुलाच्या घरी कार्यकारिणीतल्या कोणाची तरी ये-जा असावी. मुलांचा विश्वास एकट्या सरांवर असेल तर ती सरांच्या मागे जातील. मात्र एखाद्या मुलाला खरोखर मोठ्या अकादमीत संधी मिळत असेल, तर त्याची वाट कागद दाबून कधीही अडवू नये.

आणि सर निघालेच, तर त्यांना मानाने निरोप द्यावा. शाल-श्रीफळ द्यावे, थकलेले मानधन त्याच दिवशी चुकते करावे, ‘पैशासाठी गेले’ असे कोणी बोलू लागले तर तिथल्या तिथे थांबवावे. इंग्लंडमधले प्रशिक्षक एडी हाऊ २०११ च्या जानेवारीत बोर्नमथ क्लब सोडून बर्नलीला गेले आणि २०१२ च्या ऑक्टोबरात परत आले. २०१५ मध्ये त्यांनीच त्या छोट्या क्लबाला प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च विभागात, नेले. निरोप कडू झाला असता तर परतीची वाट इतकी सोपी राहिली नसती. निरोपाच्या आधी सरांबरोबर एक पूर्ण दिवस बसून वही पहिल्या पानापासून वाचावी आणि राहिलेली कारणे भरून घ्यावीत.

नवा प्रशिक्षक निवडताना जुन्यासारखा स्वभाव शोधू नये, जुन्यासारखा खेळ शोधावा. वेल्समधल्या स्वॉन्सीने रोबेर्तो मार्टिनेझ गेल्यावर पाउलो सौसा आणि नंतर ब्रेंडन रॉजर्स यांना आणले; माणसे वेगळी होती, पण चेंडू पायात ठेवून छोट्या पासांनी पुढे जाण्याची रीत टिकली, आणि २०११ मध्ये संघ प्रीमियर लीगमध्ये गेला. उमेदवाराला वही वाचायला द्यावी, एक सराव घ्यायला सांगावे आणि वहीतले तो काय ठेवील व काय बदलेल ते विचारावे. ‘सगळे तसेच ठेवीन’ म्हणणाऱ्यापेक्षा दोन गोष्टी बदलण्याचे नीट कारण सांगणारा मला अधिक भरवशाचा वाटतो.

त्यानंतरचे काम पाठीराख्यांचे आहे. कार्यकारिणीने नेमणुकीच्या दिवशीच जाहीर करावे की पहिला हंगाम संपेपर्यंत प्रशिक्षकाच्या बदलाचा विषय बैठकीत घेतला जाणार नाही. पहिले तीन सामने हरल्यावर रेषेबाहेरून ‘आधीचे सर असते तर’ अशा आरोळ्या येतील. त्या नव्या सरांपेक्षा मैदानातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना अधिक लागतात. ज्यांच्या शब्दाला मान आहे अशा दोन-तीन वडीलधाऱ्यांनी त्या दिवसांत मुद्दाम गर्दीत उभे राहावे, ओरडणाऱ्याला बाजूला घेऊन समजवावे, आणि सामना संपल्यावर निकाल काहीही लागलेला असला तरी मुलांबरोबर मैदान आवरायला थांबावे.